ठमाबाईची हाक

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार

पोचलो एकदाचा. सावलीहून पहाटेची एसटी धरली, चंद्रपूरला बदलली, राजुऱ्याच्या स्टँडवर गरम आलूबोंडा खाल्ला आणि तिथून एका कोळशाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला बसून भंगाराच्या यार्डाच्या फाटकापाशी उतरलो. निघताना अंगात पांढरा शर्ट होता, उतरलो तेव्हा त्याची पाटी झाली होती. फाटकावर मालक वामनराव शेठ स्वतः उभे होते. माझा अवतार पाहून हसले आणि म्हणाले की आता तुम्ही आमचेच दिसून राह्यले. मन एकदम मोकळं झालं.

ही वही माझ्या बायकोनं, पायलनं दिली. माझ्याबद्दल तिची एकच तक्रार आहे, की मी देवावरही संशय घेतो. निघताना म्हणाली की मनात येईल ते इथं लिहीत जा, लोकांच्या तोंडावर फेकत जाऊ नका. तिचं बरोबर आहे, पण माझंही चुकत नाही. ब्रह्मपुरीच्या एका राइस मिलमध्ये मी चार वर्षं सगळ्यांवर विश्वास ठेवला, आणि गोदामातून पोती गेली तेव्हा चोर म्हणून माझंच नाव पुढं आलं. खरा चोर रोज माझ्या डब्यातली भाजी खात होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकूनच पितो.

काम सोपं आहे. आजूबाजूला सिमेंटचे कारखाने, कोळशाच्या खाणी, नदीपलीकडे कागदाची गिरणी. त्यांचं जे लोखंड बाद होतं ते सगळं इथं येतं. जळालेल्या विजेच्या मोटारी, रोलर, पाइप, पत्र्याची कपाटं, तेलाच्या टाक्या. मोटारीतलं तांबं काढायचं, टाक्या आणि पत्रा प्रेसमध्ये दाबून चौकोनी गठ्ठे करायचे आणि ते भट्टीवाल्यांकडे धाडायचे. वजनकाटा माझ्या खोलीच्या खिडकीला लागूनच आहे. मी सुपरवायझर. लोक साहेब म्हणतात. आमच्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात आजपर्यंत कोणाला कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

कामाला चौघंच आहेत. प्रेस चालवणारा मुखरू, चुंबकाची क्रेन चालवणारा बापूराव, मोटारी फोडणारी रंभा, आणि ठमाबाई नावाची एक म्हातारी, जिचं काम काय ते अजून कळलं नाही. हजेरीच्या वहीत चारही अंगठे आहेत. यार्डात वाचता येणारा मी एकटाच.

शेठनं जाता जाता खरं काम सांगितलं. मोटारीतून निघणारं तांबं वर्षभरापासून कमी भरत आहे. कोणीतरी नेत आहे. महिनाअखेरीपर्यंत चोर दाखवा, नोकरी पक्की आणि फाटकाजवळच्या दोन खोल्या तुमच्या, नाही तर दुसरा माणूस पाहू. पायलला सातवा महिना लागला आहे. इथून दवाखाना दहा मिनिटांवर. खोल्या मिळाल्या की लगेच तिला आणतो. चोराचा शिक्का घेऊन परत सावलीत जाणं मला जमणार नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार

ठमाबाईचं काम कळलं. ती हाक मारते.

सकाळी बापूरावनं चुंबकानं एक तेलाची टाकी उचलून प्रेसमध्ये ठेवली. मुखरूचा हात दांड्यावर होता. मला वाटलं आता दाबणार, तर कोणी हलेना. ठमाबाई हातोडी घेऊन सावकाश आली, टाकीवर तीन ठोके मारले आणि वाकून आवाज दिला, "आत कोन हाय? असन तं नाव सांग." मग मोठ्यानं वीसपर्यंत आकडे मोजले. काही उत्तर आलं नाही तशी ती बाजूला झाली आणि मुखरूनं दांडा ओढला. टाकीचा पापड झाला.

दिवसभरात असं अकरा वेळा झालं. कपाट असो, टाकी असो, पिंप असो, पोकळ वस्तू म्हटली की तीन ठोके, हाक आणि वीस आकडे. मी मुखरूला विचारलं की ही काय पूजा लावली. त्यानं बिडी विझवून सांगितलं. ठमाबाईचा मुलगा कोलू इथंच कामाला होता. नऊ वर्षांपूर्वी, थंडीचे दिवस, वारा लागू नये म्हणून पोतं घेऊन एका टाकीत निजला. कोणी पाहिलं नाही. तेव्हापासून ही हाक आहे आणि ती दुसऱ्या कोणी मारायची नाही, मायनंच मारायची. सगळे तिला माय म्हणतात.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पद्धतही चांगली आहे, माणूस वाचेल अशी. फक्त रात्री जेवताना एक विचार आला, की वीस आकडे होईपर्यंत चौघंही प्रेसपाशी उभे असतात आणि तेवढा वेळ तांब्याच्या ढिगाकडे कोणाचंच लक्ष नसतं. पायल, लोकांना बोललो नाही, वहीतच लिहिलं.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन गोष्टी खटकल्या.

एक, इथं कोणी कोणाला नावानं बोलवत नाही. मुखरू मूलचा, म्हणून तो मूलवाला. बापूराव गोंडपिपरीवाला, रंभा पोंभुर्णेवाली, मी सावलीवाले साहेब. मी हजेरी घेताना मोठ्यानं मुखरू म्हटलं तर त्यानं तोंडावर बोट ठेवलं. काऊन, तर म्हणे यार्डात नाव घेत नसतात. ज्याला नाव लपवायचं असतं त्याच्या मनात काय असतं ते मला शिकवायची गरज नाही.

दोन, तांबं. मोटारीतली गुंडाळी काढताना वजन केलं तर चाळीस किलो. रंभानं ती मागच्या बाजूला जाळली, तार मोकळी केली, पुन्हा वजन केलं तर पस्तीस. पाच किलो गेलं कुठं? मुखरू म्हणाला, साहेब, तारेवर कापूस असते, वार्निश असते, तेल मुरलेलं असते, ते जळून जाते, वजन कमीच भरन. कसं तोंडपाठ उत्तर. मी हो म्हटलं आणि त्याच्या डोळ्यांत पाहत राहिलो. त्यानं नजर खाली केली.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

खाणीवरून आलेली एक जुनी डिझेलची टाकी प्रेसमध्ये ठेवली. मायनं तीन ठोके मारले, हाक दिली, मोजायला लागली. सात म्हणाली असेल, आणि टाकीतून आवाज आला, "हाव."

मी काट्यापाशी होतो, वीस पावलांवर. स्पष्ट ऐकला. झोपेतून उठलेला माणूस हो म्हणतो तसा आवाज. मी धावलो, कारण मला वाटलं आत कोणी आहे. बाकीचे जागचे हलले नाहीत. मायनं टाकीवर हात ठेवला, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला आणि हळू म्हणाली, "झोप बापा, झोप." बापूरावनं टाकी उचलली आणि कुंपणापाशी मोहाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. तिथं आधीच तीन टाक्या होत्या. मी झाकण काढून बॅटरी मारली. आत गंज आणि तळाला तेल. माणूस नाही.

दुपारी रंभानं सांगितलं. तो कोलू. कधी कधी बोलते. हावच्या पुढं काही म्हणत नाही, कारण त्याच्यापाशी नाव राह्यलं नाही. म्हणून माय नाव विचारते. जितं माणूस असलं तर नाव सांगल, कोलू सांगू शकत नाही, असा फरक कळते. आणि म्हणूनच यार्डात नाव घेत नाहीत, कानी पडलं तर तो धरून ठेवन. बोलणारी टाकी झाडाखाली ठेवायची, रोज माय हाक देते, गप झाली की दाबायची. कधी आठ दिवस लागते, कधी महिना.

रंभा चांगली बाई आहे, पण मला बह्याड समजते काय? चार टाक्या आहेत, ज्यांना कोणी हात लावायचा नाही आणि ज्यांच्याजवळ भीतीनं कोणी जायचं नाही. तांबं लपवायला याहून चांगली जागा राजुऱ्यात शोधून सापडणार नाही. आवाज काय, कोणीही काढतो. आमच्या गावचा सोंगाड्या दहा माणसांचे आवाज काढायचा.

१६ नोव्हेंबर, सोमवार

आज माझा तोल गेला. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

सिमेंट कारखान्याची एक लांब टाकी आली. चांगला जाड पत्रा, एका टोकाला माणूस जाईल एवढं गोल झाकण, दुसऱ्या टोकाला पाइपाचं हातभर लांब, मुठीएवढं रुंद भोक. मायनं हाक दिली. लगेच हाव आलं. झाकण काढून पाहिलं, आत काहीच नाही. झाडाखाली पाचवी टाकी. तांबं या आठवड्यात पुन्हा कमी आणि परवा शेठनं टेलिफोनवर हसत हसत विचारलं की सावलीवाले, सापडला काय मासा.

ते मासा म्हणणं मला लागलं. मी मायच्या हातची हातोडी घेतली, त्या टाकीवर तीन ठोके मारले, भोकाला तोंड लावून ओरडलो की मी प्रफुल भानारकर, राहणार सावली, आता तुझं नाव सांग.

टाकी गप्प. बापूरावनं क्रेन बंद केली. माय मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी म्हटलं, रडायला काय झालं, मी शिवी तर दिली नाही. ती म्हणाली, "नाव देल्लं तुनं त्याले. आता तू आत असला तं मले कसं समजन, बापा?"

मी आत कशाला असेन, असं म्हणून मी निघून आलो. पण संध्याकाळपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मायचा मला राग नाही, तिच्या दुःखाचा हे तिघं फायदा घेत आहेत.

१८ नोव्हेंबर, बुधवार

अकराच्या सुमारास एक पत्र्याचं कपाट प्रेसमध्ये होतं. मायची हाक झाली. आतून आवाज आला, "मी प्रफुल."

तिघांनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. मी काट्यापाशी आहे की नाही ते पाहत होते. मी होतो.

आवाज माझा होता. माझा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते मी सांगू शकत नाही, पण रंभा म्हणाली हुबेहूब. "फ"वर मी जरा अडखळतो, तसा अडखळला. कपाट उघडलं, रिकामं. मी कपाटाची मागची बाजू पाहिली, प्रेसखाली वाकून पाहिलं, क्रेनच्या केबिनमध्ये टेपरेकॉर्डर शोधला. बापूरावच्या डब्यात भाकर आणि मिरची होती.

टेप कुठं तरी असलीच पाहिजे. सोमवारी मी ओरडलो तेव्हाच भरून घेतली असेल. हे लोक वाटतात तेवढे साधे नाहीत.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

एक लहान पिंप. ग्रीसचं. मांडीएवढं. त्यात मांजर मावलं तर मावलं.

मायनं विचारलं आणि पिंप म्हणालं, "मी प्रफुल. सावलीचा."

मीच उचलून उलटं केलं. गंजाचं पाणी पडलं, चपलेवर पडलं. टेप नाही. तार नाही. मुखरू जवळ आला. तो म्हणाला, साहेब, आठ दिवस गावाले जाऊन या, तो विसरून जाईल.

मला इथून घालवायचं आहे. म्हणजे मी जवळ पोचलो आहे. घाबरवून घालवतात आणि महिनाअखेरीला शेठला सांगतात, तुमचा माणूस पळाला. मी राइस मिल सोडून पळालो होतो, म्हणून शिक्का लागला. आता पळणार नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

सुटी. राजुऱ्याला जाऊन एसटीडीवरून शेजारच्या घरी फोन लावला, पायलला बोलावून घेतलं. बरी आहे. पोटातलं फार लाथा मारतं म्हणाली. खोल्यांचं विचारलं. म्हटलं, आठ दिवस थांब.

मग तिनं विचारलं की तुमचा आवाज असा काऊन येते, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मी म्हटलं लाइन खराब आहे. ती म्हणाली, नाही, लाइन चांगली आहे, तुमच्या शेजारच्या माणसाचं बोलणं साफ येऊन राह्यलं.

बूथमध्ये मी एकटाच होतो.

२३ नोव्हेंबर, सोमवार

मोटारीची एक गुंडाळी मी स्वतः काढली. कोणाला हात लावू दिला नाही. एकतीस किलो. स्वतः जाळली, समोर उभा राहिलो, डोळ्यांतून पाणी आलं तरी हललो नाही. निवल्यावर स्वतः उचलली. सत्तावीस.

चार किलो. माझ्या डोळ्यांसमोर.

म्हणजे काट्यात काही तरी केलेलं आहे. दुसरं काय असणार.

झोप नाही. जेवण जात नाही. आज दोन टाक्या आणि एक कपाट माझ्या नावानं बोललं. मुखरूनं तीनही झाडाखाली ठेवली. आता तिथं दहा झाल्या. भट्टीवाल्यांचा ट्रक परवा येणार आहे आणि गठ्ठे अर्धेही झाले नाहीत.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

हुकूम काढला. चौघांना उभं करून वाचून दाखवला आणि खाली अंगठे घेतले.

उद्या दुपारच्या सुटीनंतर झाडाखालच्या सगळ्या टाक्या दाबायच्या. सिमेंटवाली लांब टाकी सगळ्यात आधी. हाक मारायची असेल तर मारा, मायचं मन मोडायचं नाही. पण उत्तर आलं तरी थांबायचं नाही. माझ्या नावानं आलं, माझ्या आवाजात आलं, तरी थांबायचं नाही. जो थांबेल त्याचा हिशोब त्याच दिवशी.

माय म्हणाली, असं नोको करू बापा. मी म्हटलं, माय, तुझा कोलू नऊ वर्षांपूर्वी गेला, आता हे सोंग आहे. मुखरूनं दोनदा विचारलं, तुमच्या आवाजात आलं तरी काय साहेब? मी म्हटलं, तरी.

आता गंमत आहे. तांबं त्या टाक्यांत असेल तर दाबायच्या आधी त्यांना ते काढावंच लागेल. उद्या दुपारी साडेबारा ते दीड सगळे डबा खायला शेडमागे बसतात, तेवढाच वेळ आहे. मी राजुऱ्याला जातो म्हणून सांगेन आणि त्याआधीच लांब टाकीत शिरून बसेन. वही संगं ठेवीन. कोण आलं, किती वाजता आलं, तिथल्या तिथं लिहिलं म्हणजे शेठपुढं शब्द फिरवता येणार नाही.

बाप माझा मासे धरायला बांबूचा सापळा लावून काठावर तासन्‌तास बसायचा. मला तेवढं बसता येतं.

२५ नोव्हेंबर, बुधवार

१२.२५. आत आहे. राजुऱ्याला चाललो म्हणून मुखरूला सांगितलं, फाटकातून बाहेर गेलो, कुंपणाच्या तुटक्या तारेतून परत आलो. झाकण आतून ओढून घेतलं. भोकातून उजेड येतो, लिहिता येतं. भोकातून प्रेस दिसते, शेडचा कोपरा दिसतो.

टाकीत तांबं नाही. एक पोतं आहे, घडी केलेलं, उशीसारखं. टाकी आली त्या दिवशी पाहिलं तेव्हा नव्हतं. कोणी तरी येतं म्हणजे. बरोबर होतं माझं.

१२.४५. कोणी नाही. शेडमागून रंभाचं हसणं आलं.

१२.५५. पोत्याला हात लागला. गरम आहे. आताच कोणी उठून गेल्यासारखं. ऊन पत्र्यावर पडलं असेल.

१.१०. कोणी नाही. चोरी करायची तर एव्हाना यायला हवं होतं.

एकतीस, सत्तावीस. समोर जळाली. कोणी हात लावला नाही. कापूस, वार्निश, तेल. मुखरू पहिल्याच आठवड्यात सांगून राह्यला होता. चोर कोणी नाहीच काय?

मी चौघांना उगाच— बाहेर निघतो. मुखरूची माफी मागतो. शेठला हेच सांगतो, चोर नाही, वजन जळते.

१.१५. झाकण निघत नाही. ओढून घेताना बाहेरची कडी पडली असेल. लाथ मारली. ओरडलो.

शेडमागून कोणी आलं नाही, टाकीतून माझा आवाज आता रोजच येतो. पण ओरडल्यावर मागून कोणी तरी माझ्यासारखंच ओरडलं. घुमते टाकी. घुमणारच.

१.२०. पुन्हा ओरडलो नाही. तरी मागून आवाज आला.

मागं पाहिलं नाही. भोकाकडं तोंड करून बसलो आहे. उजेड इथंच आहे.

१.३०. क्रेन चालू झाली. आज सुटी बरोबर दीडला संपली. हुकूम मीच—

वर चुंबक बसलं. खिशातल्या किल्ल्या वर जाऊन चिकटल्या. टाकी उचलली. ओरडून राह्यलो, क्रेनच्या आवाजात ऐकू जात नाही. बापूराव. बापूराव भाऊ. नाव घेऊन ओरडलो, आता कशाची भीती.

मागून त्यानंही बापूरावले हाक मारली. माझ्या आवाजात. माझ्या आधी.

ठेवली. प्रेसमधी. क्रेन बंद झाली. आता ऐकू जाईल.

तीन ठोके.

मायची हाक आली. मी सांगतलं, मी प्रफुल, माय, मी खरा आहो, झाकण काढ. दोघांनी संगंच सांगतलं. एकच आवाज झाला.

भोकातून मायचे पाय दिसतात. रंभा म्हनते, साहेब कुठी हायेत? मुखरू म्हनते, साहेब राजुऱ्याले गेले, मले सांगून गेले, त्याईनंच म्हनलं होतं असं होईल म्हनून.

मोजून राह्यली. चार. पाच.

मुखरू, मी पायलचं नाव सांगतो, बापाचं सांगतो. ज्या गोष्टी सांगतो त्या तोही सांगते. पायलच्या पोटातल्याचं सांगतलं, तेही त्यानं सांगतलं. समदं त्याच्यापाशी गेलं. नऊ. माय रडून राह्यली. रडत मोजते.

लिहिता त्याले येत नाई. लिहिता मलेच येते. वही भोकातून बाहेर टाकतो, मायच्या पायाशी पडन, वाचतीन आन्‌

वाचनार कोन? चौघांचे अंगठे.

चौदा.

थंड हात. माझ्या खांद्यावर. ओढत नाई, नुसता ठेवला, मायनं टाकीवर ठेवला होता तसा.

वही भोकात अर्धी घातली. हातानं नाव तरी लिहितो, मोठ्या अक्षरात. अक्षराची ओळख नसली तरी कोनीतरी लिहून राह्यलं हे तं दिसन. भोकात हात दिसन. एकोणीस. पेन्सिल टेकली. काय लिहाचं? कोनतं नाव होतं? आता तं सांगत होतो. पहिलं अक्षर

माय म्हनते, झोप बापा, झोप.

माय, मी कोलू नाई. मी—